‘लागणे’ आणि ‘करणे’

मराठीत भूक लागते, वेड लागते, दृष्ट लागते, नोकरी लागते आणि लॉटरीही लागते. या सगळ्या वाक्यांत माणूस ‘मला’, ‘तिला’, ‘त्यांना’ असा चतुर्थीत उभा असतो. कर्त्याची जागा भूक घेते, वेड घेते, लॉटरी घेते. माणसाकडे काहीतरी चालून येते आणि त्याला लागते. अर्ज मात्र असा कुणाला लागत नाही. तो करायचा असतो, आणि केला की त्याखाली स्वतःच्या नावाची सही येते. प्रथम वर्षाच्या वर्गात प्रयोग शिकवताना हा भेद आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आलो. त्या भेदात एखाद्या कुटुंबाचे वर्षभराचे आयुष्य अडकून पडू शकते, हे मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

ते ध्यानात येण्याचे निमित्त अगदी साधे होते. वसई-विरार परिसरात मराठीचे अध्यापन करणाऱ्यांकडे साहित्याखेरीज आणखी एका कामासाठी लोक येतात, आणि ते म्हणजे कागदपत्रांचे भाषांतर. परदेशी जाणाऱ्यांचे जन्माचे दाखले, विवाहनोंदणीची प्रमाणपत्रे, क्वचित शाळा सोडल्याचा दाखला. अमेरिकेच्या नियमानुसार इंग्रजीत नसलेल्या कागदाबरोबर त्याचे संपूर्ण भाषांतर द्यावे लागते, आणि ‘मला दोन्ही भाषा येतात व हे भाषांतर अचूक आहे’ असे भाषांतरकाराला सहीनिशी लिहून द्यावे लागते. कवितेच्या अनुवादाखाली असे प्रतिज्ञापत्र आजवर आमच्याकडे कुणी मागितले नाही. दाखल्याखाली ते मागितले जाते, आणि खरे सांगायचे तर तिथे हात अधिक कापतो.

कारण हे कागद दिसतात तितके सरळ नसतात. ज्याचा जन्म वसईत झाला त्याच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा ‘ठाणे’ असतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि तोच माणूस, त्याच घरात राहून, दुसऱ्या जिल्ह्याचा झाला. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि कित्येक ग्रामपंचायतींची दप्तरे तिच्याकडे गेली. तेव्हा मूळ दाखल्यावरचा शिक्का एका कार्यालयाचा आणि नव्या प्रतीवरचा दुसऱ्याचा. आडनावांची कथा आणखी निराळी. एकाच घरात बापाच्या कागदावर ‘डिसोझा’, मुलाच्या कागदावर ‘डिसोजा’ आणि सुनेच्या कागदावर ‘डिसूझा’. भाषांतरकाराने यांतले काही दुरुस्त करायचे नसते. ठाणे असेल तिथे ठाणेच लिहायचे. मूळ संहितेशी निष्ठा म्हणजे काय, हे आम्ही भाषांतरमीमांसेच्या पुस्तकांपेक्षा या दाखल्यांवर अधिक शिकलो.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा अमेरिकेतून फोन आला. “मॅडम, मला लॉटरी लागली,” ती म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात, “पण आता काय करू ते कळत नाही.” ‘लागली’ आणि ‘करू’ यांच्यामध्ये तिने घेतलेला श्वास आम्हांला अजून आठवतो. तिला लागलेली लॉटरी पैशांची नव्हती. ‘डायव्हर्सिटी व्हिसा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकेत कायम वास्तव्याची संधी देणाऱ्या सोडतीत तिचे नाव निघाले होते. ती तेथे विद्यार्थी-व्हिसावर पदव्युत्तर शिक्षण घेत होती. नवरा वसईत होता, आणि त्याच्या जन्मदाखल्याचे भाषांतर आमच्याकडून हवे होते.

येथे वाचकांपैकी जाणकारांना शंका येईल की भारतीयांना ही सोडत खुली नाही. शंका रास्त आहे. १९९० च्या कायद्याने ही योजना निर्माण केली, आणि १९९५ या आर्थिक वर्षापासून ती तिच्या कायम स्वरूपात सुरू झाली. ज्या देशांतून अमेरिकेत कमी लोक येतात, त्यांच्यासाठी वर्षाला ५५,००० पर्यंत व्हिसा राखायचे, हे तिचे सूत्र. मागील पाच वर्षांत ज्या देशातून ५०,००० हून अधिक स्थलांतरित आले तो देश बाद. म्हणून भारत या योजनेत बसत नाही. परंतु कायदा नागरिकत्व पाहत नाही, जन्मस्थान पाहतो. आमच्या विद्यार्थिनीचा जन्म कुवेतचा. वडील तेथे नोकरीला होते. वसईच्या किनारपट्टीवरील गावांतून आखातात गेलेल्या असंख्य माणसांपैकी ते एक. ती लहान असतानाच आई तिला घेऊन परत आली आणि धाकट्या भावाचा जन्म वसईत झाला. आईबाप तेच, पासपोर्ट एकाच देशाचा, पण बहीण कुवेतच्या खात्यात आणि भाऊ भारताच्या. तिला चिठ्ठी टाकता आली, त्याला येत नाही. ती पुढे अमेरिकेची नागरिक झाली तरच भावासाठी अर्ज करू शकेल, आणि भारतात जन्मलेल्या भावंडांची ती रांग दीड दशकाहून लांब आहे.

जन्मस्थानाचा हा खेळ वसईकरांना नवा नाही. गोव्यात १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी नोंद करता येते. वसईतही पोर्तुगीज होते; आडनावे, चर्च आणि किल्ला आजही साक्ष देतात. पण १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि ते दार आमच्यापुरते तेव्हाच बंद झाले. आडनाव उरले, त्याच्याबरोबरचा हक्क उरला नाही. आपण ज्याला ‘जन्मभूमी’ म्हणतो ती कवितेत मातीची असते. दप्तरात तिला एक तारीख आणि एक रकाना एवढेच असते.

सोडतीत नाव निघाले म्हणजे ग्रीन कार्ड मिळाले, अशी जी समजूत गावात पसरते तीही तपासायला हवी. ५५,००० जागांसाठी लाखाहून अधिक नावे काढली जातात, कारण सगळे जण शेवटपर्यंत पोहोचणार नाहीत हे गृहीत धरलेले असते. मिळतो तो रांगेतला एक क्रमांक. तो क्रमांक केव्हा पुढे येतो हे महिन्यामहिन्याला जाहीर होत जाते. नाव मे महिन्यात निघते, काम ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि पुढच्या ३० सप्टेंबरला मध्यरात्री सारे संपते. त्या रात्रीपर्यंत व्हिसा हाती पडला नाही तर तो क्रमांक पुढच्या वर्षी चालत नाही. भरलेले शुल्कही परत मिळत नाही.

आता तिच्यापुढचा खरा प्रश्न. कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याच्या वाटा दोन. पहिली अमेरिकेतच राहून. वैध व्हिसावर तेथे असलेल्या माणसाला आपला ‘दर्जा बदलून’ मागता येतो. दुसरी वाट मायदेशी येऊन. म्हणजे मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत मुलाखत देऊन. आतली वाट धरली तर माणूस जिथे आहे तिथे राहतो, शिक्षण चालू राहते, आणि काही खुसपट निघाले तर उत्तर द्यायला तो जागेवर असतो. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थी-व्हिसावरच्या माणसाला आगाऊ परवानगीवाचून देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. टाकले तर अर्ज सोडून दिला असे मानतात. ती परवानगी यायला महिने जाऊ शकतात. घरी कुणी अंथरुणाला खिळले असेल तर हे महिने कसे मोजायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. बाहेरची वाट धरली तर घरी येता येते, पण मुलाखतीत कागद अडकला, ‘अधिक चौकशी’ असा शेरा पडला, तर माणूस इकडे आणि शिक्षण, भाड्याची खोली, सामान तिकडे. वकिलातीतील नकारावर सहसा न्यायालयात दाद मागता येत नाही. शिवाय आपण कायम राहू इच्छितो हे एकदा सांगून झाल्यावर, पुन्हा विद्यार्थी म्हणून शिरताना प्रश्न उभे राहू शकतात ते वेगळेच.

आणि तिचा नवरा. ती आतल्या वाटेने गेली असती तरी त्याला मुंबईतच मुलाखत द्यावी लागणार होती. तीही तिचे काम झाल्यानंतर, आणि त्याच ३० सप्टेंबरच्या आत. म्हणजे ती सुरक्षित राहील पण तो कदाचित मागे राहील, की दोघेही एकत्र मुंबईच्या खिडकीपुढे उभे राहतील आणि जे होईल ते दोघांचे होईल, असा तो पेच होता.

घरात मते पडली. वडिलांनी आयुष्यभर आखातातील परवाने पाहिले होते. त्यांचे म्हणणे, जो आत आहे त्याने बाहेर येऊ नये. सासरच्यांचे म्हणणे, लग्न झाले आहे तर अर्ज जोडीने व्हावा. आईचे म्हणणे एवढेच, “बाय, दोन वर्षं झाली तुला बघून.” गावातल्या कुणी ओळखीतल्या एकाचा दाखला दिला, ज्याचे आतल्या वाटेने तीन महिन्यांत झाले, दुसऱ्याने तितक्याच खात्रीने उलटा दाखला दिला. आम्हांलाही विचारले गेले. मराठीच्या प्राध्यापकांना यातले काय कळते, असे आम्ही म्हणू शकलो असतो, आणि कायद्यापुरते तेच म्हणालो. ते वकिलाला विचार, असे सांगितले. पण एक गोष्ट आमच्या विषयातली होती आणि ती आम्ही बोललो. घरातली सारी मते ‘लागणे’ या क्रियापदातून बोलत आहेत, असे आम्हांला वाटत होते. लॉटरी लागली, तसे पुढचेही लागेल, नशिबात असेल तसे होईल. म्हणून ज्याचे लागले त्याच्या वाटेने जा. तिच्यापुढचे काम मात्र निवड करण्याचे होते, आणि निवडीला ‘सर्वांत सुरक्षित काय’ हा प्रश्न पुरत नाही. ‘यांतले काय गमावणे मला सोसेल’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

तिने मुंबई निवडली. २०२३ च्या उन्हाळ्यात पदवी पूर्ण करून ती आली, वैद्यकीय तपासणी झाली, पावसाळ्यात दोघांची मुलाखत झाली आणि दोघांनाही व्हिसा मिळाला. येथे कथा संपवली असती तर ती वाचकांना गोड लागली असती. पण आम्हांला नेमके येथेच थांबायचे नाही. निकाल चांगला लागला म्हणून निवड बरोबर ठरते, असे आम्ही मानत नाही. निकालही ‘लागतोच’, तोही माणसाच्या हातचा नसतो. तिचा कागद अडकला असता, तरी आम्ही तिची निवड योग्यच म्हटली असती, कारण आपण काय पणाला लावतो आहोत हे तिने ओळखले होते आणि ते नवऱ्याशी बोलून पणाला लावले होते. आणि एखादी आतल्या वाटेने गेली, आजीच्या अंत्यविधीला येऊ शकली नाही, तर तिला ‘पोटासाठी माणसे सोडली’ म्हणणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे.

वाटा स्वतःही स्थिर नसतात. २०२० साली करोनामुळे वकिलाती बंद पडल्या आणि एप्रिलमधील अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेरील स्थलांतरितांचा प्रवेश रोखला गेला. जे आत होते त्यांना ती घोषणा लागू नव्हती; बाहेर वाट पाहणारे हजारो विजेते मात्र तारखेकडे बघत राहिले. त्यांच्या वतीने खटला झाला. गुजरातेत जन्मलेले न्यायाधीश अमित मेहता यांनी सप्टेंबर २०२० मध्ये ९,०९५ व्हिसा राखून ठेवण्याचा आदेश दिला. त्या लोकांना दिलासा मिळेल असे वाटले. परंतु जून २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला की आर्थिक वर्ष संपल्यावर असे व्हिसा देण्याचा आदेश न्यायालयांना काढता येत नाही. त्या खटल्याचे नाव ‘गुडलक विरुद्ध बायडन’. गुडलक हे एका अर्जदाराचे नाव. एखाद्या कथाकाराने हे नाव योजले असते तर आम्हीच समीक्षेत त्याला ‘ओढूनताणून आणलेले प्रतीक’ म्हणून नावे ठेवली असती.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये, ब्राउन विद्यापीठातील गोळीबारानंतर, अमेरिकेच्या गृहसुरक्षा सचिवांनी हा कार्यक्रम थांबवण्याचा आदेश दिल्याचे जाहीर केले. संशयित याच सोडतीतून २०१७ साली कायम रहिवासी झाला होता, हे कारण. हा आदेश ज्या विभागाला दिला गेला, तो आतल्या वाटेचे अर्ज हाताळणारा विभाग. २०२० मध्ये जी वाट सुरक्षित ठरली, तिच्यावरही या वेळी घाला आला. एका माणसाच्या गुन्ह्याने अनोळखी हजारोंची रांग थांबू शकते. मग ‘अमक्याचे तसे झाले म्हणून तूही तसेच कर’ या सल्ल्याला किती किंमत द्यायची?

या साऱ्याचा साहित्याशी संबंध काय, असे आमचे काही सहकारी विचारतील. आमच्या मते संबंध थेट आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्यापुढे समुद्र होता, समाज होता, प्रकृती होती. व्हिसाची खिडकी नव्हती. श्री. व्यं. केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकून आले आणि पुढे त्यांनी एका कादंबरीला ‘परागंदा’ हेच नाव दिले. तेव्हापासून आजपर्यंत मराठीत देशांतरावर पुष्कळ लिहिले गेले. पण आमच्या वाचनात आलेल्या लेखनाचा मोठा भाग दोनच ठिकाणी रमतो: विमानतळावरचा निरोप आणि नंतरची आठवण. एकीकडे मागे राहिलेले वृद्ध आईबाप, दुसरीकडे बर्फात बसून पुरणपोळी आठवणारा मुलगा. निरोप आणि आठवण यांच्या मधले वर्ष, ज्यात माणूस एका रकान्यापुढे पेन धरून बसलेला असतो, ते सहसा गाळले जाते. जणू जाणे हेही कुणाला तरी ‘लागते’.

आमच्या वर्गातील मुलांचे अनुभव मात्र त्या गाळलेल्या वर्षात आहेत. वडील कुवेत-बहारीनला, आई वसईत, मामा कॅनडात, आणि स्वतः विरार लोकलमध्ये. त्यांच्यासाठी देश सोडणे ही एकदाच घडणारी घटना नाही, ती पिढ्यांनी थोडी थोडी केलेली कृती आहे. त्यांच्या घरात कपाटात एक प्लास्टिकची पिशवी असते; तिच्यात बाप्तिस्म्याचे पत्र, आखातातला अरबी जन्मदाखला, सातबाराचा उतारा, जुना पासपोर्ट असे सारे एकत्र बांधलेले असते. त्या पिशवीत एका कादंबरीचा ऐवज आहे असे आम्ही वर्गात सांगतो, तेव्हा मुले हसतात. कारण अर्ज ही साहित्याची सामग्री असू शकते, असे त्यांना आपण कधी शिकवलेच नाही.

एक आक्षेप आम्ही स्वतःच मांडतो. ज्यांना निवड करता येते ते भाग्यवानच. ज्यांना कुठलीच सोडत खुली नाही, त्या भावासारख्या माणसांचे काय? आक्षेप खरा आहे. तो भाऊ आजही वसईत आहे आणि ताईच्या आनंदात मनापासून सामील झाला. पण त्या रात्री तो आमच्यापैकी एकाला म्हणाला, “सर, मला काही ठरवायचंच नव्हतं, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही.” साहित्याने त्याच्याकडेही बघावे. निवड करण्याचे ओझे आणि निवड न मिळण्याचे रितेपण ही एकाच घरातली दोन दुःखे आहेत, आणि दोन्हींचे मूळ जन्मदाखल्यावरच्या एका शब्दात आहे.

शेवटी पुन्हा व्याकरणाकडे. सुरुवातीला आम्ही ‘लागणे’ आणि ‘करणे’ यांना परस्परविरोधी ठरवले. ते पूर्ण खरे नाही. मराठीने या दोघांना जोडणारी एक रचना पूर्वीच करून ठेवली आहे: ‘करावे लागते’. तिच्यात कृती आहे आणि सक्तीही आहे. माणूस तिच्यातही ‘मला’ असाच उभा असतो, पण हात त्याचेच चालतात. आमच्या विद्यार्थिनीने त्या वर्षी जे केले त्याला याहून नेमके क्रियापद आम्हांला सापडले नाही. लॉटरी लागली, आणि मग तिला ठरवावे लागले. पुढच्या वर्षी प्रयोग शिकवताना फळ्यावर हे तिसरे वाक्यही आम्ही लिहिणार आहोत.